‘आम्ही’पासून ‘आपण’पर्यंत : बेन शान यांची सार्वजनिक चित्रे आणि यहुदी परंपरा

१

इ. स. १८७४ साली पुणे येथे ‘हगादा’ ह्या यहुदी ग्रंथाची एक आवृत्ती प्रसिद्ध झाली. हिब्रू मूळ आणि त्याचे मराठी भाषांतर अशी ती जोड-आवृत्ती असून, मूळच्या कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या उपयोगासाठी ती सिद्ध केलेली होती. वल्हांडण सणाच्या रात्री कुटुंबातील सर्व माणसे भोजनासाठी एकत्र बसली म्हणजे हा ग्रंथ वाचावयाचा, अशी यहुदी लोकांची परंपरा आहे. मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोकांची सुटका कशी झाली, ह्याचे कथन हा त्याचा विषय होय. पुण्याच्या ह्या आवृत्तीत बेखमीर भाकरी तयार करणाऱ्या स्त्रियांची चित्रे आहेत. त्या स्त्रियांचा वेष प्राचीन मिसर देशातला नाही, तसा तो युरोपातलाही नाही. तो आपल्या इकडचा आहे. चित्रकाराच्या अज्ञानामुळे असे झाले, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर होणार नाही. प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच मिसर देशातून बाहेर पडलो आहोत असे मानले पाहिजे, अशी ह्या ग्रंथाची स्पष्ट शिकवण आहे. मग त्या माणसाचा वेषही त्याच्या स्वतःच्याच काळाचा व स्थळाचा असावयाचा, हे ओघानेच आले.

प्रस्तुत लेखात ह्याच शिकवणीचा, पुण्यापासून फार दूर घडून आलेला, एक आविष्कार तपासण्याचे योजिले आहे. अमेरिकन चित्रकार बेन शान (१८९८-१९६९) यांनी शाळेच्या, टपालकचेरीच्या, सिनेगॉगच्या आणि विद्यापीठाच्या भिंतींवर जी चित्रे काढली, त्यांचा सामाजिक न्यायाच्या चळवळीशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. त्यांचा यहुदी परंपरेशी असलेला संबंधही अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. तथापि ह्या दोन संबंधांतील दुवा कोणता, हा प्रश्न उरतोच. तो दुवा मुख्यतः व्याकरणाचा आहे, म्हणजे सर्वनामाचा आणि पुरुषाचा आहे, असे मला वाटते. चित्रांच्या कलागुणांचा निर्णय करण्याचा माझा अधिकार नाही व तसा हेतूही नाही. भाषेच्या अभ्यासकाला ह्या भिंतींवर जे वाचता येते, तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

२

प्रथम हगादा ह्या ग्रंथाच्या भाषेकडे पाहू. ह्या ग्रंथाने आपल्या विवेचनासाठी अनुवाद नामक धर्मग्रंथाच्या २६ व्या अध्यायातील एक लहानसे निवेदन आधाराला घेतले आहे. हंगामातील पहिले पीक मंदिरात अर्पण करणाऱ्या शेतकऱ्याने ते म्हणावयाचे असे. त्यात आरंभी आपल्या पूर्वजाविषयी तृतीयपुरुषी एकवचनात सांगितले आहे : तो भटका होता, तो मिसर देशात गेला, तेथे त्याचे मोठे राष्ट्र झाले. परंतु मिसरी लोकांच्या जुलमाचा उल्लेख येताच क्रियापदांचा रोख बदलतो. जुलूम ‘त्याच्या’वर झाला असे निवेदक म्हणत नाही; तो ‘आमच्या’वर झाला असे म्हणतो. पुढील सर्व कथन प्रथमपुरुषी अनेकवचनातच चालते. दुःखाचा प्रसंग आला की इतिहास हा इतरांचा राहत नाही, तो स्वतःचा होतो.

ह्याच ग्रंथात चार मुलांचा दृष्टान्त आहे. त्यांपैकी एकाला ‘दुष्ट’ म्हटले आहे. त्याच्या दुष्टपणाचे कारण पाहू गेल्यास ते फार सूक्ष्म आहे. त्याने चोरी केलेली नाही, कोणाला मारलेले नाही. ह्या विधींचा तुम्हांला काय उपयोग, एवढेच त्याने विचारले आहे. त्याचा अपराध ‘तुम्हांला’ ह्या शब्दात आहे. सर्वनामाची निवड करून त्याने स्वतःला समुदायातून वगळले, आणि म्हणून, तो त्या काळी मिसर देशात असता तर त्याची सुटका झाली नसती, असे त्यास उत्तर दिले आहे. एका सर्वनामाला एवढे नैतिक महत्त्व देणारा दुसरा ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही.

मराठी भाषिकाला येथे एक गोष्ट चटकन जाणवते, ती हिब्रू किंवा इंग्रजी वाचकाला जाणवणार नाही. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ज्याच्याशी बोलावयाचे त्याला वगळून आपण ‘आम्ही’ म्हणतो, आणि त्याला सामावून घेऊन ‘आपण’ म्हणतो. व्यावर्तक आणि समावेशक असा हा भेद द्राविड भाषांत आहे, तसा मराठी व गुजराती ह्या भाषांतही आहे. हिब्रू भाषेत तो नाही. त्यामुळे मूळ हिब्रू वचनातील प्रथमपुरुष केवढ्या समुदायाला व्यापतो, हे मूळ शब्दावरून ठरत नाही. ते म्हणणारा कोण, ऐकणारा कोण आणि ते कोठे म्हटले जात आहे, ह्यांवरून ते ठरते. शान यांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या कार्याचा इतिहास म्हणजे ह्या अनिश्चित सर्वनामाचा ‘आम्ही’पासून ‘आपण’पर्यंत झालेला प्रवास होय, असे मी दाखविणार आहे.

३

बेन शान यांचा जन्म १८९८ साली लिथुआनियातील कोव्हनो ह्या गावी झाला. तो प्रदेश त्या वेळी रशियन साम्राज्यात मोडत असे. त्यांचे वडील लाकडावर कोरीव काम करणारे कारागीर होते. झारविरोधी कारवायांच्या संशयावरून त्यांना सैबेरियात हद्दपार करण्यात आले. तेथून ते निसटले आणि पुढे १९०६ साली सर्व कुटुंब न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात एकत्र आले. तोपर्यंत मुलाचे शिक्षण रूढ यहुदी पद्धतीने, म्हणजे हिब्रू अक्षरे आणि धर्मग्रंथांतील कथा ह्यांच्या आधारे, झाले होते.

ह्या बालपणातील एक प्रसंग शान यांनी पुढे सांगितला आहे. शमुवेलाच्या ग्रंथात उज्जाची कथा आहे. कराराचा कोश गाडीवरून नेत असता बैल अडखळले, कोश पडेल ह्या भीतीने उज्जाने त्याला हात लावून सावरले, आणि त्या स्पर्शाच्या अपराधाबद्दल तो तत्क्षणी मृत्यू पावला. ही कथा ऐकून लहानग्या शानला इतका राग आला की त्याने काही दिवस शाळेत जाण्याचेच नाकारले. ज्याने पडत्या वस्तूला हात दिला त्यालाच शिक्षा व्हावी, हे त्याच्या बुद्धीला पटेना. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. शान यांना यहुदी परंपरेतून न्यायाची प्रेरणा मिळाली, एवढे म्हणणे अपुरे आहे. त्या परंपरेने दिलेल्या न्यायबुद्धीनेच ते त्या परंपरेशी भांडले. देवाशी न्यायासाठी वाद घालण्याची प्रथा धर्मग्रंथांत अब्राहामापासून चालत आलेली आहे. त्या अर्थी हे भांडणही परंपरेला धरूनच होते.

अमेरिकेत आल्यावर वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी शान यांनी शिळाछापाच्या एका कारखान्यात उमेदवारी पत्करली. तेथे रोमन वर्णमालेतील अक्षरे हजारो वेळा गिरविणे हाच त्यांचा अभ्यास होता. दोन अक्षरांमध्ये जागा किती सोडावी, ह्याचा नियम त्यांना कारखान्यात जुन्या माणसांकडून मिळाला. एका मापात ठरावीक पाणी आहे अशी कल्पना करावी आणि ते प्रत्येक दोन अक्षरांमधील पोकळीत ओतावे. पोकळीचा आकार कसाही असो, पाणी सर्वत्र सारखेच मावले पाहिजे. अक्षरांइतकीच त्यांच्यामधील रिकामी जागाही अर्थपूर्ण असते, हा धडा त्यांना येथे मिळाला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अक्षरांविषयीच्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा अनुभव कृतज्ञतेने नमूद केला आहे.

यहुदी परंपरेत अक्षरांचे स्थान विशेष आहे. मूर्तिपूजेच्या निषेधामुळे प्रार्थनास्थळांच्या सजावटीत अक्षरांना पुष्कळदा प्रतिमेची जागा मिळाली. ‘जोहार’ ह्या मध्ययुगीन गूढवादी ग्रंथातील एका कथेनुसार, जगाची उत्पत्ती आपल्यापासून व्हावी म्हणून वर्णमालेतील बावीस अक्षरे एकामागून एक देवापुढे विनंती घेऊन आली. अखेर ‘बेत’ ह्या अक्षराची निवड झाली. ‘आलेफ’ मात्र संकोचाने मागेच राहिले. त्या विनयाबद्दल दहा आज्ञांच्या आरंभी उभे राहण्याचा मान त्याला मिळाला. १९५४ साली शान यांनी ही कथा आपल्या अक्षरचित्रांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ह्या बावीस अक्षरांची गुंफण करून त्यांनी एक मुद्रा तयार केली आणि उत्तरकाळातील आपल्या चित्रांवर ती सहीप्रमाणे उमटविली.

४

१९३०-३१ च्या सुमारास शान यांनी हगादा ह्या ग्रंथासाठी चित्रे काढली. ती त्या वेळी अप्रकाशित राहिली. इतिहासकार सेसिल रॉथ यांच्या भाषांतरासह ती ग्रंथरूपाने बाहेर पडली ती १९६५ साली. म्हणजे चित्रकाराच्या मनात हगादा आधी आला आणि लोकांसमोर नंतर. मधल्या काळात त्यांच्या चित्रांना वेगळेच विषय मिळाले. साको आणि व्हान्झेटी ह्या दोघा इटालियन स्थलांतरित कामगारांना १९२७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात देहान्त शिक्षा झाली. त्यांचा खटला न्याय्य रीतीने चालला नाही, अशी जगभर अनेकांची भावना होती. त्यांच्यावरील शान यांच्या तेवीस चित्रांचे प्रदर्शन १९३२ साली न्यूयॉर्क येथे भरले. पुढल्या वर्षी मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्या हाताखाली रॉकफेलर सेंटरमधील भित्तिचित्रावर त्यांनी काम केले. त्या चित्रात लेनिनची आकृती आल्यामुळे काम थांबविण्यात आले आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते चित्र फोडून टाकण्यात आले. ओल्या गिलाव्यावर रंग भरण्याची फ्रेस्को पद्धती शान यांनी येथे शिकून घेतली. भिंतीवरचे चित्र नष्टही करता येते, हेही त्यांनी येथेच पाहिले.

ह्यानंतर जर्सी होमस्टेड्सचे चित्र आले. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ योजनेखाली न्यू जर्सी राज्यात ही वसाहत उभारण्यात आली. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील कोंदट कारखान्यांत कपडे शिवणाऱ्या यहुदी कामगारांना तेथून बाहेर काढून, सहकारी तत्त्वावरील शिवणाचा कारखाना, शेती आणि राहण्यास घर देण्याची ही योजना होती. घरांची संख्या २०० होती, आणि प्रत्येक कुटुंबाने आपला वाटा म्हणून ५०० डॉलर भरावयाचे होते. १९३६ साली पहिली कुटुंबे तेथे राहावयास आली. वसाहतीच्या शाळेत शान यांनी १९३७-३८ मध्ये १२ फूट उंच व ४५ फूट लांब असे भित्तिचित्र काढले.

डावीकडून उजवीकडे पाहत गेल्यास चित्राचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात युरोपातून आलेले स्थलांतरित आहेत आणि त्यांच्या अग्रभागी आइन्स्टाइन आहेत. ज्या जर्मनीतून त्यांना निघावे लागले, तेथील यहुदीद्वेषाचा फलक धरलेला नाझी शिपाई आहे. साको आणि व्हान्झेटी यांच्या शवपेट्याही येथे आहेत. मधल्या भागात कारखान्यातील दाटीवाटी, वाकलेल्या पाठी आणि जमावापुढे भाषण करणारा कामगारसंघाचा पुढारी दिसतो. तिसऱ्या भागात काही माणसे टेबलाभोवती जमून नव्या गावाच्या आराखड्यावर विचार करीत आहेत. भिंतीवर रूझवेल्ट यांची छबी असलेला फलक आहे.

दास्य, सुटका आणि नवी भूमी हा हगादा ह्या ग्रंथाचा क्रम येथे स्पष्ट दिसतो. तथापि मोशे नाही, फारो नाही, दुभंगलेला समुद्र नाही. हिब्रू वचनाला येथे मध्यवर्ती स्थान नाही. जी अक्षरे आहेत ती फलकांवरची, म्हणजे चित्रातील प्रसंगांचीच आहेत. येथे कोणी असा आक्षेप घेईल की, मग ह्या चित्राचा हगादा ह्या ग्रंथाशी संबंध जोडणे ही नंतरच्या टीकाकारांची हौस होय. ह्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, हा संबंध प्रतिमांचा नसून कथनपद्धतीचा आहे. प्रत्येक पिढीने आपणच मिसर देशातून निघालो असे मानावे, ही शिकवण शान यांनी अक्षरशः पाळली. त्यांनी फारोचा मिसर रंगविला नाही. ज्यांच्या शाळेत चित्र काढावयाचे होते त्यांचाच मिसर रंगविला. १९११ साली न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला लागलेल्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले होते. त्या शहराच्या शिवण-कारखान्यांत आयुष्य काढलेल्या माणसांना दास्य म्हणजे काय हे समजावून देण्यासाठी पिरॅमिडांची गरज नव्हती.

चित्राचा शेवटही ध्यानात घेण्याजोगा आहे. तो शेवट म्हणजे पूर्ण झालेले सुखी गाव नव्हे. आराखडा पुढे मांडला आहे, माणसे बसली आहेत, आणि काम व्हावयाचे आहे. वल्हांडणाचा विधीही पुढील वर्षाविषयीच्या आशेने संपतो. दोन्ही कथने भूतकाळात सुरू होऊन भविष्यकाळात थांबतात, आणि ते भविष्य घडविण्याचा भार ऐकणाऱ्यावर किंवा पाहणाऱ्यावर टाकतात. प्रत्यक्षात ह्या आराखड्यातील मोठा भाग सिद्धीस गेला नाही. सहकारी कारखाना थोड्याच वर्षांत डबघाईस आला. रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर १९४५ मध्ये गावाने त्यांचे नाव धारण केले. शान स्वतः १९३९ पासून मरेपर्यंत तेथेच राहिले, आणि चित्र शाळेच्या भिंतीवर टिकून राहिले.

मात्र ह्या चित्रातील प्रथमपुरुष अद्याप मर्यादित आहे. साको आणि व्हान्झेटी यांना त्यात जागा मिळाली, ही मोठी गोष्ट होय; त्यांच्या रूपाने परकी माणसे ‘आमच्या’ कथेत आली. तरीही चित्र काढणारा, ज्यांचे काढले ते, आणि जे रोज पाहणार ते, हे सर्व एकाच समाजाचे होते. मराठीत सांगावयाचे तर हे चित्र ‘आम्ही’ असे म्हणते.

५

ह्यानंतरच्या चित्रांत शब्दांना हळूहळू अधिक जागा मिळू लागली, आणि शब्द किती ज्वालाग्राही असतात ह्याचाही प्रत्यय आला. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स टपालकचेरीसाठी शान आणि त्यांच्या पत्नी बर्नार्डा ब्रायसन यांनी १९३८-३९ मध्ये अमेरिकन श्रमजीवनाची तेरा चित्रे केली. त्यांतील एका चित्रात कवी वॉल्ट व्हिटमन यांच्या ओळी फळ्यावर लिहिलेल्या दाखवावयाच्या होत्या. त्या ओळी धर्मविरोधी आहेत अशी तक्रार एका जेझुइट प्राध्यापकाने केली. परिणामी त्या बदलून त्याच कवीच्या दुसऱ्या ओळी घ्याव्या लागल्या. वादाचा विषय झाल्या त्या ओळी. भोवतालच्या कामगारांच्या चित्रांना ते भोगावे लागले नाही. चित्राचा अर्थ पाहणारा आपल्या सोयीने लावू शकतो. भिंतीवर लिहिलेले वाक्य मात्र त्याला उद्देशून बोलू लागते.

दुसऱ्या महायुद्धात शान यांनी अमेरिकन सरकारच्या युद्धविषयक माहिती-कचेरीसाठी भित्तिपत्रके केली. जून १९४२ मध्ये नाझींनी चेकोस्लोव्हाकियातील लिडित्से हे गाव नष्ट केले. त्यावरील भित्तिपत्रकात, डोक्यावर बुरखा घातलेला आणि हातांत बेड्या असलेला एक माणूस विटांच्या भिंतीसमोर उभा आहे. ह्या चित्रावर तारेच्या पट्टीसारख्या अक्षरांत ती बातमी दिली आहे. मृताचा चेहरा नाही. जे सांगावयाचे ते अक्षरे सांगतात. १९४४ मध्ये कामगारसंघांच्या राजकीय समितीसाठी त्यांनी जी पत्रके केली, त्यांत मतदारनोंदणी करा, मत द्या, असे थेट सांगितले होते. क्रियापद आज्ञार्थी झाले आणि पाहणारा द्वितीयपुरुष झाला.

६

हिब्रू अक्षरे सार्वजनिक भिंतीवर ठळकपणे आली ती ह्यानंतर. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील ओहाबाय शालोम ह्या यहुदी मंडळीच्या सिनेगॉगसाठी शान यांनी १९५९ मध्ये एक मोझेकचित्र केले. ह्या मंडळीचे रब्बी विल्यम सिल्व्हरमन हे वर्णभेदाविरुद्ध उघड बोलत असत. त्या शहरात १९५७ च्या सप्टेंबरात कृष्णवर्णी मुलांना गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश मिळू लागताच एका शाळेत स्फोट करण्यात आला होता. १६ मार्च १९५८ रोजी तेथील यहुदी समाजकेंद्राच्या इमारतीत सुरुंगाचा स्फोट झाला आणि रब्बींना धमकी देण्यात आली. फेब्रुवारी १९६० मध्ये त्याच शहरातील कृष्णवर्णी विद्यार्थ्यांनी उपाहारगृहांतील भेदभावाविरुद्ध बैठा सत्याग्रह सुरू केला. ह्या दोन तारखांच्या मध्ये हे चित्र उभे राहिले आहे.

चित्रात एक मनुष्य शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकीत आहे. यहुदी नववर्षाच्या दिवशी लोकांना आत्मपरीक्षणासाठी जागे करण्याकरिता हे शिंग वाजवितात. त्याच्या खाली निरनिराळ्या मानववंशांच्या माणसांचे चेहरे आहेत, आणि जोडीला मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथातील (अध्याय २, वचन १०) वचन हिब्रू अक्षरांत आहे. सर्वांचा पिता एक नव्हे काय, एकाच देवाने सर्वांना उत्पन्न केले नाही काय, असा त्याचा आशय आहे. हे वचन प्रश्नार्थक आहे आणि त्याचा कर्ता प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे.

आता मलाखीच्या ग्रंथात ह्या वचनाचा संदर्भ कोणता? संदेष्टा यहुदाच्या लोकांना दोष देत आहे. ते एकमेकांशी विश्वासघाताने वागतात आणि पूर्वजांशी झालेला करार मोडतात, असे त्याचे म्हणणे आहे. त्या संदर्भात ‘सर्व’ म्हणजे प्रथमतः कराराने बांधलेले लोक होत. अशा वचनाचे मराठी करताना भाषांतरकाराला ‘आम्हां सर्वांचा’ की ‘आपणां सर्वांचा’, ह्यांपैकी एकाची निवड करावी लागेल. हिब्रूने ती निवड केलेली नाही. शान यांनी ती चित्राने केली. अक्षरांत काडीचाही फरक न करता, त्यांच्या सोबत निरनिराळ्या वंशांचे चेहरे ठेवून त्यांनी ह्या वचनातील ‘आम्ही’चा ‘आपण’ केला. ज्या शहरात कोणी कोणाशेजारी बसावयाचे हा प्रश्न बाँबने सोडविला जात होता, तेथे हा सर्वनामाचा बदल केवळ व्याकरणाचा राहिला नाही.

ह्याच मार्गावरील पुढचे पाऊल १९६५ सालचे आहे. २१ जून १९६४ रोजी मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णी मतदारांच्या नोंदणीसाठी झटणाऱ्या तिघा तरुणांचा खून झाला. त्यांतील जेम्स चेनी हे कृष्णवर्णी आणि अँड्र्यू गुडमन व मायकेल श्वेर्नर हे यहुदी होते. शान यांनी ह्या तिघांची रेखाचित्रे काढली. नागरी हक्कांच्या लढ्याला साहाय्य म्हणून त्यांनी केलेल्या १९६५ च्या दुसऱ्या एका मुद्रितचित्रात दोन हात आहेत, आणि लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायातील आज्ञा हिब्रू व इंग्रजी ह्या दोन्ही लिप्यांत आहे. शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभे राहू नये, हे तिचे तात्पर्य. भिंतीवरील चित्र एका जागी असते. मुद्रितचित्र अनेक घरांच्या आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर पोहोचते.

ह्या आज्ञेच्या व्याकरणाकडे पाहावे. हिब्रू भाषेत निषेधाचे दोन प्रकार आहेत. एक प्रसंगापुरता निषेध, तो ‘अल’ ह्या निपाताने होतो. दुसरा कायमचा, सर्वकाळ बंधनकारक निषेध, तो ‘लो’ ह्या निपाताने होतो. दहा आज्ञांतील निषेध ‘लो’ने आहेत, आणि ही आज्ञाही ‘लो’नेच आहे. शिवाय तिचा कर्ता द्वितीयपुरुषी एकवचनी आहे. सरकारने, समाजाने किंवा तुम्ही सर्वांनी स्वस्थ राहू नये, असे ती म्हणत नाही. तू स्वस्थ राहू नकोस, असे म्हणते. उज्जाच्या कथेवर रागावलेला मुलगा येथे आठवतो. पडत्याला हात देणे हा त्या कथेत अपराध होता. ह्या आज्ञेप्रमाणे हात न देणे हा अपराध आहे. त्याच धर्मग्रंथांतून शान यांनी आपल्या बालपणीच्या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले, असे म्हणावयास हरकत नाही.

हिब्रू शब्दसंपत्तीनेही त्यांच्या भूमिकेस आधार दिला असता. हिब्रूत दानधर्माला ‘त्सेदाका’ म्हणतात. तो शब्द न्याय ह्या अर्थाच्या ‘त्सेदेक’ शब्दाचा सहोदर आहे. आपल्याला उर्दूमधून परिचित असलेला अरबी ‘सदका’ हा शब्दही त्याच धातूकुळातला. देणाऱ्याच्या दयेपेक्षा घेणाऱ्याच्या हक्कावर ह्या शब्दाचा भर आहे. शान यांच्या कोणत्याही चित्रात गरिबाची कीव केलेली दिसत नाही, ह्या गोष्टीची येथे आठवण होते.

७

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परंपरेचे वचन सर्वांसाठी खुले करताना ती परंपरा ज्यांनी छळ सोसून जपली, त्यांचा स्वतःचा आवाज पुसट होतो. हा आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु शान यांच्या उत्तरकाळात हिब्रू अक्षरे कमी झाली नाहीत, वाढली. १९३८ मध्ये ‘आम्ही’ म्हणताना त्यांना हिब्रू लिपीची गरज भासली नव्हती. १९५९ मध्ये ‘आपण’ म्हणताना मात्र त्यांनी ती लिपी सर्वांसमोर मांडली. वॉर्सा येथील यहुदी वस्तीच्या उठावावरील त्यांच्या १९६३ च्या चित्रात हुतात्म्यांसाठी म्हणावयाच्या प्रार्थनेची हिब्रू अक्षरे आहेत, आणि तेथे दुःखाचा प्रथमपुरुष त्यांनी सैल होऊ दिलेला नाही. दुसऱ्याला सामावून घेण्यासाठी स्वतःचे नाव पुसावे लागत नाही, हे ह्यावरून दिसते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. भिंतीवर न्यायाचे वचन लिहिल्याने न्याय होतो काय? सिरॅक्यूज विद्यापीठात १९६७ मध्ये एका इमारतीच्या बाह्य भिंतीवर शान यांच्या आराखड्याबरहुकूम साको आणि व्हान्झेटी यांच्यावरील मोझेकचित्र बसविण्यात आले. ते ६० फूट लांब व १२ फूट उंच असून व्हान्झेटीचे शब्द त्यावर मोठ्या अक्षरांत आहेत. देहान्त शिक्षेला तोपर्यंत चाळीस वर्षे झाली होती. चित्राने कोणाचे प्राण परत आले नाहीत. जर्सी होमस्टेड्सचा कारखानाही चित्राने वाचला नाही. परंतु वल्हांडणाच्या रात्री ग्रंथ वाचला जातो तोही मिसर देशातील दास परत सुटावेत म्हणून नव्हे. ऐकणाऱ्यांपैकी कोणी ‘तुम्हांला’ असे म्हणून बाजूला होऊ नये, म्हणून तो वाचला जातो. सार्वजनिक चित्राकडून ह्याहून अधिक अपेक्षा करणे योग्य नाही, आणि ह्याहून कमी अपेक्षा करणेही योग्य नाही.

शान यांच्याविषयीची जिज्ञासा ओसरलेली नाही. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या यहुदी संग्रहालयात त्यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन झाले. त्यांच्या चित्रांचा अभ्यास कलेचे इतिहासकार करीतच आहेत. भाषेच्या अभ्यासकाने त्यात घालावयाची भर एवढीच की, ह्या चित्रांतील वचने कोणत्या पुरुषात आहेत हे पाहिल्यावाचून ती पुरती वाचली असे होत नाही. पुण्याच्या हगादा ग्रंथातील चित्रकाराने बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांना आपल्याकडचा वेष दिला, तेव्हा दूरच्या एका कथेत त्याने आपली माणसे बसविली. शान यांनी पुढे जाऊन त्या कथेत शेजारच्या माणसांनाही बसविले. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद ज्यांच्या बोलण्यात पिढ्यान्पिढ्या रुळलेला आहे, त्या मराठी वाचकाला ह्या दुसऱ्या पावलाचे मोल सांगावयास नको. ते पाऊल स्वतः टाकणे किती अवघड असते, हेही त्याला सांगावयास नको.